सालीतला रेणू सूज उतरवतो का, आणि अंगाला मानवतो का? नवशिक्यांसाठी वाटाड्या

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमच्याकडे आमसुलं भिजत घालतात, कोळतात आणि ते पाणी अंगाला चोळतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायची वेळ आली की दरवर्षी कुणीतरी येतंच, "मॅडम, कोकमाचा दाहशामक गुण तपासायचाय." विषय चांगला आहे. झाड परसात आहे, फळ फुकट आहे, आणि रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीत खरोखरच अभ्यास करावा असा रेणू आहे. अडचण एवढीच, की पहिल्या महिन्यात झालेली चूक फेब्रुवारीत प्रबंध लिहिताना सापडते आणि तेव्हा पुन्हा करायला सालच उरलेली नसते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. पुढे जे लिहिलंय ते बी.फार्म., एम.फार्म. किंवा एम.एस्सी.च्या मुलांसाठी आहे, पहिल्यांदाच पेशींना हात लावणाऱ्यांसाठी. उदाहरण कोकमाचं घेतलंय, पण निर्गुडी घ्या, उंडी घ्या, पायऱ्या त्याच. सगळ्या पायऱ्यांवर एकच प्रश्न सोबत ठेवा: आकडा खाली आला, तो सूज उतरल्यामुळे आला की आणखी कशामुळे?

प्रश्न आधी नेमका करा

गांधी उठतात तेव्हा त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्यावर आपण लावतो आमसुलाचं पाणी, म्हणजे पाण्यात उतरणारे घटक: हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, लाल रंगाची अँथोसायनिन्स, शिवाय मीठ. सालीतला गाजलेला रेणू आहे गार्सिनॉल. तो पिवळा, तेलात-अल्कोहोलात विरघळणारा, पाण्यात जवळजवळ न उतरणारा. मुलं काय करतात? गार्सिनॉल काढतात, उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर (जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी) घालतात, आणि शेवटी लिहितात की पारंपरिक उपयोगाला शास्त्रीय आधार मिळाला. मिळालेला नसतो. रेणू वेगळा, पेशी वेगळी, आजारही वेगळा.

घरगुती उपायच तपासायचा असेल तर पाण्यातला अर्क घ्या आणि मास्ट पेशींसारख्या वागणाऱ्या आरबीएल-२एच३ पेशींमधून बीटा-हेक्सोसॅमिनिडेज किती सुटतं ते मोजा. हिस्टामिन ज्या कणांतून बाहेर पडतं त्यांतूनच हे एन्झाइमही पडतं, आणि ते मोजायला सोपं. सोबत त्याच पीएचचं सिट्रिक आम्लाचं पाणी तुलनेला ठेवा. नाहीतर नुसत्या आंबटपणाचा परिणाम कोकमाच्या नावावर जमा होईल.

गार्सिनॉल तपासायचं ठरवलं असेल तर पुढे वाचा. त्याआधी त्याच्याबद्दल काय माहीत आहे ते बघा. जिवाणूंच्या कवचातल्या एलपीएसनं चेतवलेल्या मॅक्रोफेजमध्ये ते नायट्रिक ऑक्साइड कमी करतं, हे जुनं झालं. ५-लिपॉक्सिजिनेज या दाह वाढवणाऱ्या एन्झाइमला ते रोखतं, हेही प्रसिद्ध झालंय. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटानं २००४ साली दाखवलं की ते हिस्टोन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज एन्झाइमांना अडवतं. या शेवटच्या वाक्यापाशी थांबा. ही एन्झाइमं असंख्य जनुकं चालू-बंद करण्यात भाग घेतात. म्हणजे दाहाची जनुकं मंदावली तर त्यांच्यासोबत आणखी काय काय मंदावलं, हा सुरक्षिततेचा प्रश्न पहिल्या दिवशीच उभा राहतो.

साल: मृगाच्या आत

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस लागला की झाडावरच नासतात. गोळा करायला पाच-सहा आठवडे मिळतात. त्यात तीन गोष्टी चुकवू नका.

एक, ओळख. फुला-पानांसह फांदी दाबून नमुना तयार करा आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडून किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून ओळख पटवून घ्या. नमुना क्रमांक प्रबंधात लागतो. "आमच्या परसातलं कोकम" हा पुरावा होत नाही, गार्सिनिया प्रजातीत इतरही भाईबंद आहेत.

दोन, झाड कुठलं. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून उगवलेल्या झाडांमध्ये फळागणिक फरक पडतो. शक्य असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' किंवा 'कोकण हातीस' यांची कलमं कुणाकडे आहेत ते शोधा. कलमामुळे पुढच्या वर्षीही तोच माल मिळतो. मालकाला एक प्रश्न जरूर विचारा: "शेजारच्या हापूसला फवारणी किती होते, कल्टार (मोहोरासाठी आंब्याला घालतात ते वाढरोधक) घातलंय का?" आंब्याच्या बागेत उभ्या असलेल्या कोकमावर काय काय उतरलेलं असतं ते आपल्याला दिसत नाही. कीटकनाशकांचे अवशेष आणि जड धातू एकदा तपासून घ्या.

तीन, बाजारातली आमसुलं घेऊ नका. ती मिठाच्या रसाची पुटं देऊन उन्हात वाळवलेली असतात. कालवणाला उत्तम, प्रयोगाला नाही. ताजी साल सोलून, गर-बिया काढून, ४० ते ४५ अंशांच्या ड्रायरमध्ये वाळवा. खळ्यात वाळवलीत तर सावलीत वाळवा आणि संध्याकाळी आत घ्या. मे महिन्यातल्या रात्रीच्या दमट हवेत अर्धवट सुकलेल्या सालीला बुरशी धरते. बुरशीची स्वतःची विषं असतात, आणि नंतर पेशी मेल्या तर त्या कशानं मेल्या हे कळत नाही. एका वर्षी आमची सात किलो साल अशीच फेकून द्यावी लागली. सालीवर पांढरी छटा होती, आम्ही मीठ समजलो. मीठ तर आम्ही घातलंच नव्हतं!

कायद्याचंही इथेच बघून घ्या. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. कॉलेजातल्या साध्या अभ्यासाला फार कटकट नसते. पण नमुना किंवा निष्कर्ष परदेशी प्रयोगशाळेला द्यायचा असेल किंवा पेटंटचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी विचारणा करा, नंतर नको. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक होते, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. संस्थेनं जुने लिखित पुरावे मांडून १९९७ साली ते रद्द करवलं. आज्जीचं ज्ञान कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं, हा त्यातला व्यावहारिक भाग.

रेणू वेगळा करताना

सुक्या सालीत गार्सिनॉल साधारण दोन ते तीन टक्के असतं, म्हणजे वनस्पतींच्या हिशेबात भरपूर. भुकटी अल्कोहोलात भिजवा, गाळा, रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवा, सिलिका स्तंभावर हेक्झेन आणि इथिल अ‍ॅसिटेटनं वेगळं करा, आणि थंड हेक्झेनमधून बसू द्या. पिवळा गाळ येतो. तपशील प्रत्येक प्रयोगशाळेत थोडे बदलतात, त्यावर अडून बसू नका. अडून बसायचं ते शुद्धतेवर.

एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ९५ टक्क्यांच्या वर शुद्धता हवी. आणि मास स्पेक्ट्रमवर ६०२ दिसलं म्हणून नाचू नका. आयसोगार्सिनॉल हे त्याचं भावंडही सालीत असतं आणि त्याचं रेणुसूत्र तेच: ३८ कार्बन, ५० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. वजनाच्या काट्यावर दोघं जुळे. फरक कळतो तो एनएमआरवर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) आणि एचपीएलसीवरच्या वेगळ्या वेळेवर. एनएमआर कॉलेजात नसतो. नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, यादीत नंबर लागायला वेळ जातो, म्हणून जूनमध्येच पाठवा.

विद्रावकाचा अवशेषही मोजायचा. औषधांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा हेक्झेनला दशलक्ष भागांत २९० आणि मिथेनॉलला ३,००० आहे. तयार भुकटी लहान-लहान कुप्यांत, प्रकाशापासून दूर, उणे २० अंशांवर ठेवा. एका मोठ्या बाटलीत ठेवून रोज उघडलीत तर पावसाळ्यात ती रोज थोडं पाणी पिते, आणि मग तुम्ही मोजलेल्या दहा मिलिग्रॅममध्ये गार्सिनॉल किती नि ओल किती, देव जाणे.

डीएमएसओचं छोटं गणित

गार्सिनॉलचा रेणुभार सुमारे ६०२.८. म्हणून ६.०३ मिलिग्रॅम एक मिलिलिटर डीएमएसओ या विद्रावकामध्ये विरघळवलं की १० मिलिमोलरचं मूळ द्रावण होतं. त्यातलं हजारात एक भाग पेशींच्या माध्यमात घातलं की १० मायक्रोमोलर गार्सिनॉल आणि ०.१ टक्के डीएमएसओ. कमी मात्रा हव्यात तर आधी डीएमएसओमध्येच क्रमानं पातळ करा आणि प्रत्येक पातळ द्रावण पुन्हा हजारात एक घाला. यामुळे सगळ्या मात्रांमध्ये डीएमएसओ सारखंच राहतं. बरेच जण माध्यमात पातळ करत जातात, मग वरच्या मात्रेला डीएमएसओ जास्त आणि खालच्या मात्रेला कमी, आणि जो उतार दिसतो तो अर्धा डीएमएसओचाच असतो.

घातल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बारीक पिवळे कण दिसले तर रेणू विरघळलेला नाही, खाली बसलाय. त्या मात्रेचा आकडा वापरू नका.

स्वस्त चाचण्यांबद्दल माझं मत

अंड्यातला बलक बाजूला काढून पांढऱ्या भागातलं प्रथिन तापवायचं आणि अर्कानं ते गोठणं किती रोखलं ते बघायचं. तांबड्या रक्तपेशी मिठाच्या पातळ पाण्यात फुटण्यापासून किती वाचल्या ते बघायचं. डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर किती उतरला ते मोजायचं. या तीन चाचण्यांवर अख्खे प्रबंध उभे आहेत. हात बसायला त्या चांगल्या आहेत, मीही पहिल्या महिन्यात मुलांकडून करून घेते. पण दाह म्हणजे जिवंत पेशींचा आपसांतला संवाद, आणि अंड्यातल्या प्रथिनाला तो करता येत नाही. डीपीपीएच तर नुसतं अँटिऑक्सिडंट किती ते सांगतं. कोकमासारख्या आंबट, पॉलिफेनॉलनं भरलेल्या सालीचा तिथे चांगला निकाल न आला तरच नवल. या आकड्यांवरून 'दाहशामक' हा शब्द लिहू नका.

पेशींवरचा मुख्य प्रयोग

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून रॉ २६४.७ ही पेशीवंशावळ मिळते. उंदराच्या मॅक्रोफेज पेशी आहेत या. आल्या की आधी मायकोप्लाझ्मा (पेशींना छुपेपणानं लागणारे जिवाणू) तपासा, मग पहिल्या काही पिढ्यांच्या कुप्या गोठवून ठेवा. फार पॅसेज झाले (पेशी नव्या भांड्यात पुन्हापुन्हा वाढवल्या) की त्यांची चेतवण्याला प्रतिसाद देण्याची धार बोथट होते. आपल्याकडे जूनमध्ये वीज दिवसातून चार वेळा जाते हे धरून चाला. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर हवा आणि गोठवलेल्या कुप्या एकाच जागी ठेवू नयेत.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये (लॅबमध्ये सगळे 'वेल' म्हणतात) प्रत्येकी सुमारे ५० हजार पेशी पेरा आणि रात्रभर चिकटू द्या. दुसऱ्या दिवशी रेणू घाला, तासाभरानं एलपीएस, १०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. एलपीएस म्हणजे ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या कवचातला पदार्थ. त्याच्या चाहुलीनं मॅक्रोफेज खवळते आणि नायट्रिक ऑक्साइड आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही साइटोकाइनं (दाहाचे निरोप पोचवणारी प्रथिनं) सोडू लागते.

चोवीस तासांनी वरचं द्रव काढून ग्रीस अभिकर्मकाबरोबर मिसळा: एक टक्का सल्फानिलअमाइड पाच टक्के फॉस्फोरिक आम्लात, आणि ०.१ टक्के नॅफ्थिल-इथिलीनडायअमाइन. नायट्राइट असेल तसा गुलाबी रंग चढतो, तो ५४० नॅनोमीटरवर वाचा. सोडियम नायट्राइटची प्रमाणरेषा साध्या पाण्यात नव्हे तर त्याच माध्यमात काढा. पीटर ग्रीस यानं ही अभिक्रिया १८७९ साली मांडली आणि अजून तिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची दुसरी नाही.

प्लेटवर हे गट असलेच पाहिजेत: नुसत्या पेशी; पेशी आणि डीएमएसओ; पेशी, डीएमएसओ आणि एलपीएस; माहितीतलं औषध (उदाहरणार्थ डेक्सामेथासोन एक मायक्रोमोलर) आणि एलपीएस; तुमच्या रेणूच्या किमान सहा मात्रा आणि एलपीएस; सगळ्यात मोठी मात्रा एलपीएसशिवाय. हा शेवटचा गट हमखास विसरला जातो. रेणू स्वतःच पेशींना चेतवत असेल तर तो इथेच पकडला जातो. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं, म्हणून त्यांत नुसतं बफर घाला आणि नमुने आतल्या बाजूला ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही. रेणूनं अर्ध्या पेशी मारल्या तर गुलाबी रंगही अर्ध्यावर येतो आणि आलेख अगदी दाहशामक औषधासारखा दिसतो. गार्सिनॉल कर्करोगाच्या पेशी मारतं हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलंय, आणि रॉ २६४.७ ही स्वतःच उंदराच्या गाठीतून आलेली वंशावळ आहे. म्हणून वरचं द्रव ग्रीससाठी काढलं की त्याच खळग्यांतल्या पेशींचं जगणं मोजा. वेगळ्या प्लेटवर, वेगळ्या दिवशी, एलपीएसशिवाय मोजलेलं चालत नाही. ९० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जगल्या असतील तर त्या मात्रेचा दाहाचा आकडा मी मुलांना आलेखावर काढूच देत नाही.

जगणं मोजायला एमटीटी वापराल, जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. इथे दुसरा खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलेय. माझ्या पहिल्या प्रयोगात पेशींचं जगणं १३० टक्के आलं होतं. मी खूश! गाइडना दाखवलं, "सर, कोकमानं पेशी वाढतात." सरांनी शांतपणे विचारलं, "पेशी नसलेल्या वेलमध्ये काय येतं?" घालून बघितलं. तिथेही जांभळं. पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीचं क्षपण करून रंग काढत होतं. तेव्हापासून नियम: पेशी नसलेल्या खळग्यांत रेणू आणि एमटीटी घालून बघायचंच, एमटीटीआधी पेशी बफरनं धुवायच्या, आणि सोबत एक वेगळ्या तत्त्वावरची चाचणी, म्हणजे सल्फोरोडामाइन-बी किंवा मेलेल्या पेशींतून बाहेर सांडलेलं एलडीएच एन्झाइम.

ग्रीसचीही हीच गत होऊ शकते. रेणू थेट नायट्रिक ऑक्साइडला किंवा रंगालाच खात असेल तर? सोडियम नायट्राइटच्या ठरावीक द्रावणात रेणू घाला आणि आकडा पडतो का बघा. शिवाय वनस्पतींतले असे पॉलिफेनॉल माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि दिसलेला परिणाम त्याचाच असतो, असंही घडतं. थोडं कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) घालून प्रयोग पुन्हा करा. करक्युमिनचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. हजारो शोधनिबंध झाले, आणि २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका सविस्तर आढाव्यानं दाखवलं की हा रेणू अस्थिर आहे, चाचण्यांना फसवतो आणि त्याचं कुठलंही उपयुक्त औषध बनलेलं नाही. गार्सिनॉलमध्येही फसवणाऱ्या रेणूंसारखा कॅटेकोलचा तुकडा आहे.

उलट्या बाजूची फसवणूकही होते. वनस्पतींच्या अर्कात जिवाणूंचं एलपीएस आधीच असू शकतं. त्यानं पेशी खवळतात आणि तुमचा चांगला रेणू वाईट दिसतो. एलएएल चाचणीनं एंडोटॉक्सिन (म्हणजे हेच एलपीएस) मोजा. हा अभिकर्मक नाल खेकड्याच्या निळ्या रक्तापासून काढतात, त्यामुळे महाग असतो. परवडत नसेल तर पॉलिमिक्सिन-बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं) घालून रेणूचा स्वतःचा चेतवण्याचा परिणाम नाहीसा होतो का ते तरी बघा.

ग्रीस जमलं की टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ एलिसानं मोजा. मग मानवी पेशींकडे या, थोड्या का होईना. माणसाच्या मॅक्रोफेज प्रयोगशाळेत उंदरासारखं भरभरून नायट्रिक ऑक्साइड सोडत नाहीत, त्यामुळे टीएचपी-१ या मानवी पेशींमध्ये साइटोकाइनच मोजावी लागतात. उंदरात जमलं आणि टीएचपी-१ मध्ये नाही, असं झालं तर तेही लिहा.

तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एका दिवशीचे तीन खळगे मिळून एक. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, ताज्या द्रावणानं तीनदा करा, मग संख्याशास्त्र. सगळ्या मात्रांची तुलना एकाच नियंत्रण गटाशी असेल तर अ‍ॅनोव्हा आणि नंतर डनेटची चाचणी. पेशी अर्ध्या मारणारी मात्रा भागिले परिणाम अर्धा करणारी मात्रा, हा निर्देशांक काढा. तो दोन-तीनच्या आसपास असेल तर दाहशामक म्हणून तो रेणू इथेच सोडलेला बरा.

प्राण्यांकडे जायचं का?

बहुतेक विद्यार्थी प्रकल्पांना गरज नसते. जायचंच असेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीकडे नोंद असलेलं प्राणीगृह आणि संस्थेच्या प्राणी नीती समितीची लेखी मंजुरी आधी हवी. प्रयोग झाल्यावर परवानगी घेतली तर तो प्रबंध कुठेच छापला जात नाही, आणि छापला जाऊही नये.

नेहमीची चाचणी आहे उंदराचा पंजा सुजवण्याची, १९६२ पासून चालत आलेली. एक टक्का कॅराजीननचं ०.१ मिलिलिटर पांढऱ्या उंदराच्या (हा रॅट, पेशी आल्या त्या छोट्या उंदराहून वेगळा) मागच्या पंजात टोचतात आणि पाच-सहा तास पंजाचं आकारमान मोजतात. हे कॅराजीनन लाल समुद्रशेवाळापासून काढतात. पहिल्या तासाभरात हिस्टामिन-सेरोटोनिनचा जोर असतो, तिसऱ्या तासानंतर प्रोस्टाग्लँडिनांचा. रेणू कुठल्या तासाला काम करतो यावरून तो कशावर बोट ठेवतो याचा अंदाज येतो. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसावं. ही साधी गोष्ट आहे आणि ती क्वचितच पाळली जाते.

मात्रा ठरवताना एक हिशेब करून बघा. या उंदराची (रॅटची) मात्रा माणसात बदलायला ६ भागिले ३७ नं गुणतात. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम दिलं तर माणसाला किलोमागे सुमारे १६, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ९७० मिलिग्रॅम. सालीत अडीच टक्के धरलं तर रोजची ३९ ग्रॅम सुकी साल, तीही गार्सिनॉल पुरतं शोषलं जाईल असं गृहीत धरून. सोलकढीला आपण आठ-दहा सोलं घेतो. तेव्हा 'सोलकढी प्या, सूज घालवा' असं लिहिण्याआधी हे गणित समोर ठेवा.

मानवतो का?

तीव्र विषारीपणासाठी ओईसीडीची (देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची) ४२३ क्रमांकाची पद्धत वापरतात. एका वेळी तीनच प्राणी, ५, ५०, ३०० आणि २,००० मिलिग्रॅम प्रति किलो या ठरलेल्या मात्रा, आणि १४ दिवस निरीक्षण. ढिगानं प्राणी मारून निम्मे मरणारी मात्रा काढण्याची जुनी ४०१ पद्धत २००२ साली रद्द झाली. तरी पुस्तकांतून ती अजून शिकवली जाते.

'२,००० पर्यंत सुरक्षित' हे वाक्य मुलांचं फार लाडकं. त्याचा अर्थ एवढाच की एकदा दिलेल्या मात्रेनं दोन आठवड्यांत प्राणी मेला नाही. सांधेदुखीचा माणूस औषध महिनोनमहिने घेतो. म्हणून २८ दिवस रोज देऊन (४०७) यकृताची एन्झाइमं, क्रिएटिनिन आणि ऊतींचे काप बघावे लागतात. गार्सिनियाच्या बाबतीत यकृताकडे जास्तच लक्ष द्या. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाच्या, वजन उतरवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. ते झाड आपल्या कोकमाचं चुलत भावंड. आमसूल वाईट असा याचा अर्थ नाही. घट्ट करून गोळीत भरलेला अर्क आणि कालवणातली चार सोलं या एकाच मापानं मोजायच्या गोष्टी नाहीत, एवढाच आहे.

सूज उतरवणाऱ्या औषधांची जुनी खोड म्हणजे पोट. म्हणून प्राण्यांच्या जठराचं अस्तर उघडून व्रण बघा. दुसरी खोड हृदय: रोफेकॉक्सिब पोटाला सौम्य म्हणून आलं आणि हृदयविकाराचा धोका दिसल्यानं २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं. जनुकांना इजा होते का यासाठी साल्मोनेलावरची एम्स चाचणी (४७१), यकृताचा एस-९ अर्क घालून आणि न घालता, दोन्ही करा. त्वचेवर लावायचं असेल तर ससे लागत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवरची ४३९ पद्धत आहे. आणि यकृतातली, औषधांचा निचरा करणारी पी-४५० एन्झाइमं रेणू अडवतो का हे जरूर तपासा. आपल्याकडे गुडघे दुखणाऱ्या बहुतेकांना बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असते.

एका जातीला मानवलं म्हणून दुसरीला मानवेल असं नाही, हे कोकणात तरी वेगळं सांगायला नको. डायक्लोफिनॅक गुरांना चाललं. ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं त्यानं निकामी झाली. कारण २००४ साली कळलं, पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ साली बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरातून जवळजवळ संपली होती. म्हसळ्याजवळच्या चिरगावची घरटी बघायला माणसं मुद्दाम जातात, ती यामुळे.

शेजारच्या काकू आणि तपकिरी बाटली

प्रकल्प सुरू झाला की गावात बातमी पसरतेच. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा हाक मारली, "गो, ते कोकमाचं औषध गुडघ्याला लावून बघते, थोडं दे ना." त्यांना नाही म्हणणं जिवावर आलं, पण म्हटलं. त्या बाटलीत हेक्झेनचा अंश होता आणि डीएमएसओ. डीएमएसओ त्वचेतून आत शिरतं आणि बाकीच्यांनाही सोबत घेऊन जातं. स्वतःवर, घरच्यांवर, मित्रांवर काही लावायचं नाही, चाखायचंही नाही.

माणसांवरची चाचणी हा वेगळा रस्ता आहे. २०१९ चे नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम, नीती समिती, आणि पहिला माणूस नोंदवण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंदणी. एकच शुद्ध रेणू असेल तर तो नवं औषध ठरतो. शुद्ध केलेला, प्रमाणित अंश असेल, ज्यात किमान चार घटक मोजलेले आहेत, तर २०१५ पासून 'फायटोफार्मास्युटिकल' असा वेगळा वर्ग आहे. कोकमासाठी मला दुसरा मार्ग जास्त पटतो. सालीत गार्सिनॉल एकटं कधीच नसतं.

निष्कर्षाचं वाक्य

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीनं मसुद्यात लिहिलं होतं: 'यावरून कोकम हे सुरक्षित व प्रभावी दाहशामक औषध असल्याचे सिद्ध होते.' आम्ही दोघींनी बसून ते खोडलं आणि तिच्या आकड्यांवरून नवं लिहिलं: 'कोकणातील एका कलमी झाडाच्या सालीपासून वेगळे केलेले, ९६ टक्के शुद्ध गार्सिनॉल ५ मायक्रोमोलर मात्रेला, पेशींच्या जगण्यावर मोजता येण्याजोगा परिणाम न करता, एलपीएसने चेतवलेल्या रॉ २६४.७ पेशींमधील नायट्राइट कमी करते. १० मायक्रोमोलरला पेशी मरू लागल्याने त्यापुढील आकडे ग्राह्य धरलेले नाहीत.' वाचून ती म्हणाली, "मॅडम, हे फारच छोटं वाटतंय." परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्या एका वाक्यावर तिला पंचवीस मिनिटं प्रश्न विचारले, आणि तिच्याकडे सगळ्यांची उत्तरं होती.